शिकवतो, अशी तक्रार

आमच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे आम्ही तिघं होतो आणि तिघांचं एकमेकांशी वीस वर्षं बोलणं नव्हतं. सगळ्यात जुने नाना. त्यांना एका कानाने अजिबात ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने मनात असेल तेव्हा येई. तरी मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. मशीनला कान लावून, डोळे मिटून ते दोन मिनिटं बसत. मग म्हणत, ठेवून जा. दुसरा उद्याबुवा. काम कधी होईल असं विचारलं की तो उद्या म्हणे, आणि इतक्या मनापासून म्हणे की माणसं दुसऱ्या दिवशी खरोखर येत. तिसरा मी. मला लोक पार्टवाले म्हणत, कारण मी बहुतेकांना पार्ट बाहेरून मागवावा लागेल असं सांगत असे. कधी कधी ते खरंही असायचं.

गल्लीच्या टोकाला वह्यापुस्तकांचं एक दुकान बंद पडलं होतं. तिथे चौथा आला. तो सामान उतरवत होता तेव्हा आम्ही तिघांनीही आपापल्या दारातून पाहिलं.

माणूस चाळिशीचा, हडकुळा. मान जरा डावीकडे कललेली, म्हणजे सतत कुणाचं तरी ऐकून घेतोय असं वाटावं. शर्टाच्या खिशाला फडक्याची एक घडी अडकवलेली आणि तिच्यात सुया टोचलेल्या. सोबत थोरली बहीण. ती मागच्या खोलीत उशांचे अभ्रे शिवायची आणि दुपारी दारात बसून काजं करायची. बिऱ्हाड म्हणाल तर एवढंच. दुकानात एक टेबल, भिंतीवर लहानमोठ्या पान्यांची ओळ आणि दोन स्टुलं. दोन्ही स्टुलं टेबलाच्या एकाच बाजूला. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक टेबलाच्या पलीकडे उभं राहतं. तिथून त्याला फक्त आमच्या डोक्याचा वरचा भाग दिसतो, आणि तेवढंच दिसावं अशी मांडणी असते.

पहिली बातमी आली ती चांगली होती. एक बाई माझ्या दुकानात येऊन म्हणाली, की नवा माणूस दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा बिघडवतो. मी तिला बसायला दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिच्या मशीनवर शिवलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंताडा व्हायचा. नव्या माणसाने पाहिलं तर वरचा दोराच चुकीच्या वाटेने ओवलेला. त्याने तो नीट ओवला, चिंधीवर शिवून दाखवलं. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत काढून पुन्हा चुकीचा ओवला, तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, आता तुम्ही करा. तिला जमेना. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. तिसऱ्यांदा जमलं. तेव्हा त्याने सुई काढून उलटी लावली आणि म्हणाला, आता हे.

मी विचारलं, मग आता मशीन कसं चालतंय. ती म्हणाली, झकास. माझ्याकडे ती सुयांचं पाकीट घ्यायला आली होती.

त्याचा सगळा कारभार असाच. मजुरी आमच्याइतकीच घ्यायचा, त्यामुळे स्वस्तात काम करून गिऱ्हाईक पळवतो असंही म्हणायची सोय नव्हती. फरक एवढाच, की आमचं गिऱ्हाईक दोन-तीन महिन्यांनी परत यायचं आणि त्याचं यायचं नाही. त्याच्याकडे नाही आणि आमच्याकडेही नाही. एखादा आपल्या विहिरीतलं पाणी चोरतो, ते एक वेळ समजू शकतं. हा विहीरच बुजवत होता, आणि त्याचं पाणीही त्याच विहिरीतलं.

शाळेचे गणवेश शिवणारी एक टेलरीणबाई माझं हक्काचं गिऱ्हाईक होती. तिचं मशीन म्हणजे माझ्या घरचं दुभतं जनावर. ती दिसेनाशी झाली. एकदा रस्त्यात भेटली तेव्हा मी तब्येत विचारली. तिने मशीनची तब्येत सांगितली, अगदी सविस्तर. सहा महिन्यांत आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीत अशी एखादी बाई निघाली, जी आपलं मशीन उघडायची आणि शेजारणीच्याही मशीनला हात लावायची.

एका दुपारी नाना माझ्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि आत येऊ का म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी स्टूल पुढे केलं. दहा मिनिटांनी उद्याबुवाही आला. तो त्याच दिवशी आला, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

त्यानंतर रोज दुपारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा चहा होऊ लागला. ते दिवस छान होते, हे कबूल केलं पाहिजे. नाना जुन्या काळच्या मशीनच्या गोष्टी सांगत, उद्याबुवा गिऱ्हाइकांच्या नकला करी. या दोघांशी आपण इतकी वर्षं का बोललो नाही, असं मला वाटायचं. फिरून विषय मात्र एकच निघायचा. त्याला आम्ही उकल्या म्हणत असू. नाव उद्याबुवाने ठेवलेलं. जो येईल त्याला सगळं उकलून दाखवतो म्हणून. गिऱ्हाइकं त्याला भाऊ म्हणत.

नानांचं मत असं, की तो एखाद्या बड्या कंपनीचा माणूस आहे. आधी दुरुस्तीवाले संपवायचे आणि मग नवी मशीनं खपवायची. उद्याबुवाच्या मते तो कुठेतरी काहीतरी करून पळून आला होता आणि इथे भलेपणाचं सोंग घेऊन बसला होता. मी म्हणायचो, तो आम्हाला पाण्यात पाहतो. का पाहतो ते मला सांगता येत नसे, कारण तोवर आमच्यापैकी कुणीही त्याच्याशी एक शब्द बोललेलं नव्हतं.

तो नकली पार्ट घालत असणार, हे पकडायचं असं ठरलं. कुणाला तरी मशीन घेऊन पाठवायला हवं होतं. माझ्या बायकोचं मशीन वर्षभर घरात बंद पडून होतं. तिलाही मी पार्ट मागवलाय असंच सांगून ठेवलेलं. मी तिला म्हटलं, जा आणि डोळे उघडे ठेव.

ती दोन तासांनी परत आली. आम्ही तिघं चहा घेऊन वाटच पाहत होतो. तिने मशीन खाली ठेवलं.

"अहो, तो पार्ट आला," ती म्हणाली. "शटलमध्ये दोऱ्याचा तुकडा अडकला होता."

नानांना ऐकू आलं नाही. त्यांनी मला काय म्हणाल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तेव्हा बायकोने त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून तिकडे गेली, टाके का उडतात ते विचारायला. मग त्याच्या बहिणीशी तिची मैत्री झाली. घरात जेवताना ती मला मशीनबद्दल प्रश्न विचारू लागली, आणि ज्यांची उत्तरं तिला माहीत होती असेच विचारायची.

मग आम्ही तिघं एकदा त्याच्याकडे गेलो. समोरासमोरच बोलायचं म्हणून. दुकानात स्टुलं दोनच, म्हणून तो उठून उभा राहिला आणि बहिणीने आतून तिसरं आणलं. आम्ही बसलेलो आणि तो उभा, त्यामुळे सुरुवातीलाच आम्ही पंच असल्यासारखं झालं, ते बरं वाटलं.

नाना म्हणाले, "तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय."

त्याला खरोखरच कळलं नाही. त्याने कसा म्हणून विचारलं, आणि ते विचारण्यात जराही आडमुठेपणा नव्हता. उद्याबुवाने समजावून सांगितलं. गिऱ्हाईक शिकलं की परत येत नाही. परत आलं नाही तर आम्ही करायचं काय. उकल्या मान कलती ठेवून ऐकत होता. मग तो बाजूच्या पेटीवर बसला. हे आपल्या डोक्यातच आलं नाही, असं म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला की बहिणीने येऊन त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

मग त्याने आपली हकिगत सांगितली. आई शिवणकाम करून दोघांना वाढवत होती. ऐन कामाच्या दिवसांत मशीन अडलं. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला आणि म्हणाला, पार्ट बाहेरून आणावा लागेल. चार महिने गेले. आई हाताने शिवत राहिली, त्यात तिचे डोळे गेले ते गेलेच. बहिणीची शाळा सुटली. शेवटी एके दिवशी बहिणीनेच भाजी चिरायच्या सुरीच्या टोकाने मशीन उघडलं, तर आतून नखाएवढा दोरा निघाला. बहीण तेव्हा बारा वर्षांची होती. त्याने हे कुणावर राग न धरता सांगितलं, एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं. ते गाव कुठलं आणि तो दुरुस्तीवाला कोण, असं मी काही विचारलं नाही. माझे वडीलही याच धंद्यात होते आणि त्यांचं फिरणं बरंच असे.

निघताना तो म्हणाला, आपण यावर काहीतरी उपाय करतो. आम्ही तेव्हाच नको म्हणायला हवं होतं.

पहिला उपाय चिठ्ठ्यांचा. अवघड काम आलं की तो गिऱ्हाइकाला आमच्याकडे पाठवू लागला. नानांकडे एक बाई चिठ्ठी घेऊन आली: मोटरच्या कामात यांचा हात धरणारं कुणी नाही. हे खरंच होतं, आणि नाना वाचून खूशही झाले. पण त्याच्या दुकानची सवय लागलेली ती बाई सरळ टेबलाच्या या बाजूला येऊन नानांच्या खांद्याशी उभी राहिली. चाळीस वर्षांत नानांचं काम कुणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ते गडबडले. त्यांनी नेहमीप्रमाणे मशीनला कान लावला आणि डोळे मिटले.

थोडा वेळ थांबून बाई म्हणाली, "काका, मशीन अजून चालू केलेलं नाही."

नानांनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

दुसरा उपाय याहून वाईट. आमच्याकडे गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने आठवड्यातले दोन दिवस दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं दोन दिवस थांबायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात रांग लागायची. वर गावभर झालं, की त्या तिघांनी बिचाऱ्या भाऊला धमकावून दुकान बंद करायला लावलं. भाजीवाली मला भाजी देताना तोंड फिरवू लागली. शाळेतल्या एका निवृत्त बाईंनी मला रस्त्यात थांबवून, तुम्हाला मुलंबाळं आहेत ना, एवढंच विचारलं. मी आहेत म्हणालो. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण त्याने आमच्याबद्दल म्हटली असती तर कुणी त्याला दोष दिला नसता. त्याने ती म्हटली नाही. तो रस्त्यात भेटला की काम वाढलं का म्हणून काळजीने विचारायचा. त्याचा आम्हाला सगळ्यात जास्त राग यायचा.

शेवटी आम्ही दुकानदारांच्या मंडळाकडे लेखी तक्रार केली. मंडळाचे सचिव म्हणजे कोपऱ्यावरचे कुलुपांचे दुकानदार. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत बैठक झाली, उकल्यालाही बोलावलं होतं. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, मध्ये एक लांबट टेबल. आमची तक्रार दोन पानांची होती. सचिवांनी ती शांतपणे वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी आम्हाला एकेक गोष्ट विचारली. नकली माल वापरतो का? नाही. मजुरी जास्त घेतो का? नाही. कमी? तीही नाही. कुणाचं मशीन परत दिलं नाही, कुणाला वाईट बोलला, रस्ता अडवला? तसं काही नाही.

"मग करतो काय?"

आम्ही दोघांनी नानांकडे पाहिलं.

"शिकवतो," नाना म्हणाले.

सचिवांनी नोंदवहीत लिहिलं: तक्रार – शिकवतो. लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतःच एकदा वाचलं. मग उकल्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं. तो उभा राहिला.

"तक्रार खरी आहे," तो म्हणाला, आणि बसला.

सचिवांना ते जरा अवघड गेलं. आरोपी नाही म्हणतो, मग पुरावे निघतात, मग समज दिली जाते, अशी त्यांची पद्धत. ते विषय मिटवायच्या बेतात होते, तेवढ्यात नाना म्हणाले, आज हा मशीन उघडायला शिकवतोय, उद्या कुलूप उघडायला शिकवील. सचिव बराच वेळ किल्ल्यांच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी निर्णय दिला: दुकानाच्या आत हत्याराला फक्त दुकानदाराने हात लावायचा, आणि गिऱ्हाइकाचं स्टूल दुकानाबाहेर ठेवायचं.

उकल्याने निर्णय तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टूल बाहेर ठेवलं. गिऱ्हाईक बाहेर, म्हणून टेबलही ओढून उंबरठ्यावर आणलं. त्याची हत्यारं आत आणि गिऱ्हाइकासाठी एक वेगळा पाना बाहेर. आता येणारे-जाणारेही थांबून बघू लागले. आधी एका वेळी एक बाई शिकायची, आता दहा-बारा. त्यात पुरुषही असत. एक दिवस कुलुपांचे दुकानदारही पाच मिनिटं उभे राहिले, आणि जाताना घरच्या मशीनचा पट्टा सारखा का निसटतो ते विचारून गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो गेला. नदीपलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात दोनशे मशीनं होती, तिथे त्याला नोकरी मिळाली. जायच्या आधी तो आमच्या तिघांच्याही दुकानात येऊन गेला. माझ्याकडे आला तेव्हा उंबरठ्यावरच उभा राहिला.

"माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला," तो म्हणाला. "आता काम परत येईल."

मी म्हटलं, "बसा तरी." तो नको म्हणाला. सामानाची गाडी उभी होती. माझी बायको त्याच्या बहिणीला निरोप द्यायला गाडीपर्यंत गेली आणि परत येऊन दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

काम परत आलं नाही. ते यायचंच नव्हतं, इमारतीइमारतीत बाया तयार झाल्या होत्या. पण त्या बायांना बॉबिन लागायच्या, स्प्रिंगा लागायच्या, पट्टे लागायचे, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते बायकोच्या लक्षात आलं. मी खरोखरच बाहेरून पार्ट मागवू लागलो. दुकान टिकलं. आता टेबलाशी ती बसते, गिऱ्हाइकं तिलाच विचारतात, आणि फारच जड काम असलं तर ती मला हाक मारते. नानांनी वर्षभरात दुकान मुलाच्या हवाली केलं. उद्याबुवाचं बरं चाललंय. त्याच्याकडे अजूनही लोक दुसऱ्या दिवशी येतात. आमचा दुपारचा चहा मात्र उकल्या गेल्यावर महिनाभरही टिकला नाही. तिघं बसायचो, पेले रिकामे व्हायचे आणि बोलायला काही नसायचं.

दोनेक वर्षांनी कारखान्यातून मोठी मागणी आली, म्हणून मी स्वतः पार्ट पोचवायला गेलो. तो आवारात एका बाकावर बसला होता. केस पिकले होते. मला पाहून त्याला मनापासून आनंद झाला, तो इतका की मला कुठे बघावं ते कळेना. त्याने आधी बायकोची चौकशी केली, मग नानांच्या कानाची. आणि म्हणाला, बरं झालं तुम्ही आलात, एक विचारायचं होतं. इथेही मशीनवर बसणाऱ्या बायकांना तो आपापली मशीनं सांभाळायला शिकवत होता. कारखान्यात दुरुस्तीला सहा माणसं होती. त्या सहांनी मिळून साहेबांकडे अर्ज दिला होता.

"तुम्ही माझी तक्रार केली होती, म्हणजे तुम्हाला आतलं माहीत," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत नाही. "मी तेव्हा काय करायला हवं होतं?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खरंच विचार केला. आमच्या गल्लीत तो आल्यापासून गेल्यापर्यंतचं सगळं मनात फिरवून पाहिलं.

"आधी आम्हाला चहाला बोलवायला हवं होतं," मी म्हणालो. "शिकवायला लागण्याच्या आधी."

"एवढंच?"

"आणि एखाद-दुसरा बिघाड आमच्यासाठी ठेवायला हवा होता. सगळंच सांगून टाकायचं नव्हतं."

त्याने दोन्ही गोष्टी बोटांवर मोजल्या. मग म्हणाला, चहाचं जमेल.

पुढचं मला कळलं ते कारखान्याच्या हेड मेकॅनिककडून. तो एकदा दुकानात माल निवडायला आला होता. उकल्याने त्या सहांना चहाला बोलावलं होतं, बहिणीने केलेला चहा सगळ्यांना आवडलाही. पण चहा पिता पिता त्याने त्यांनाही शिकवायला सुरुवात केली, आणि त्यांच्यातल्या दोघांना ते पटलं. आता ते दोघंही तिकडे फुटले होते. उरलेल्या चौघांनी दुसरा अर्ज दिला होता. हेड मेकॅनिक आवाज खाली आणून म्हणाला, की माणूस वरून साधा दिसतो, पण आतल्या गाठीचा आहे. चहा पाजून माणसं फोडतो. तो तुमच्या गल्लीत होता ना, तुम्हाला अनुभव असेल.

बायकोने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "अनुभव आहे. माणूस चांगला आहे."

हेड मेकॅनिकने निवडलेल्या बॉबिन खाली ठेवल्या. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाशी पाना घेऊन बसलेल्या माझ्या बायकोकडे, आणि तो दुकानातून निघून गेला.